मुंबईतली म्युझिक कॉन्फरन्स महाड-पोलादपूरच्या शाहिराच्या काय कामाची?

२० मार्चला महाडमध्ये सकाळपासूनच गर्दी असते. चवदार तळ्याला अभिवादन करायला राज्यभरातून लोक येतात आणि दिवसभर कुठे ना कुठे भीमगीतं सुरू असतात. जूनमध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा होतो, तेव्हा पोवाडे घुमतात. गणपतीत महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर जाखडीचे फेर धरले जातात. हिवाळ्यात हरिनाम सप्ताह सुरू झाले की पखवाज आणि टाळांना उसंत मिळत नाही.

म्हणजे या दोन तालुक्यांत गाण्या-वाजवण्यातून थोडीफार कमाई करणारे लोक जवळपास वर्षभर कामात असतात. पण त्यांच्यापैकी कुणाला 'तुम्ही संगीत उद्योगात आहात का?' असं विचारलं, तर बहुतेक जण हसतील. संगीत उद्योग म्हणजे मुंबई, स्टुडिओ, रेकॉर्ड कंपन्या आणि मोबाइलवरची गाण्यांची ॲप्स, असाच आपला समज असतो.

या उद्योगातली माणसं दरवर्षी एका छताखाली जमतात आणि गाण्यातून येणारा पैसा कसा वाटला जातो, नव्या कलाकाराने सुरुवात कुठून करायची, करार कसे वाचायचे, यावर बोलतात. अशा मेळाव्याला म्युझिक कॉन्फरन्स म्हणतात. मुंबईपासून महाड रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. मग तिथली चर्चा इथल्या शाहिरापर्यंत का पोहोचत नाही? आणि अशी एखादी परिषद महाडमध्येच दरवर्षी भरवायची ठरवली, तर ती कशी असावी?

२०२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षं पूर्ण होतात. शताब्दीच्या निमित्ताने गाणी लिहिली जातील, रेकॉर्ड होतील, लाखो मोबाइलवर वाजतील. त्यामुळे या गाण्यांचा पैसा नेमका कुणाला मिळणार, हे समजून घ्यायला हीच योग्य वेळ आहे.

म्युझिक कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय?

संगीत महोत्सवात लोक गाणं ऐकायला येतात. कॉन्फरन्समध्ये लोक गाण्याच्या धंद्याबद्दल बोलायला येतात. दोन्हींत हा मुख्य फरक.

जगातलं जुनं उदाहरण म्हणजे फ्रान्सच्या कान शहरातलं 'मिडेम'. १९६७ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा रेकॉर्ड कंपन्या एकमेकांना गाण्यांचे हक्क विकण्यासाठी तिथे जमत. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये १९८७ पासून 'साउथ बाय साउथवेस्ट' होतं. तिथे चर्चेच्या जोडीला नव्या कलाकारांचे छोटे कार्यक्रमही असतात. लोकसंगीत आणि जगभरच्या पारंपरिक संगीतासाठी 'वोमेक्स' हा मेळावा १९९४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाला.

भारतात या प्रकारची ठळक परिषद म्हणजे 'ऑल अबाउट म्युझिक'. टॅलेंट मॅनेजमेंटच्या व्यवसायातले तरसेम मित्तल यांनी ती २०१७ मध्ये मुंबईत सुरू केली. मे २०२५ मध्ये मुंबईतच केंद्र सरकारने 'वेव्हज' ही चार दिवसांची मोठी परिषद घेतली. चित्रपट, ॲनिमेशन, गेमिंग यांच्याबरोबर संगीतही तिच्या कक्षेत होतं.

अशा ठिकाणी साधारण चार गोष्टी होतात. पहिली, मंचावरची चर्चासत्रं, ज्यात नावाजलेले संगीतकार, कंपन्यांचे अधिकारी आणि वकील बोलतात. दुसरी, कार्यशाळा, जिथे एखादी गोष्ट प्रत्यक्ष शिकवली जाते. तिसरी, ठरवून घेतलेल्या समोरासमोरच्या भेटी. आणि चौथी, 'शोकेस', म्हणजे नव्या कलाकारांचा २०-३० मिनिटांचा कार्यक्रम, ज्याला आयोजक आणि कंपन्यांचे लोक प्रेक्षक म्हणून बसतात.

हे सगळं दरवर्षी का लागतं? कारण नियम सतत बदलतात. स्पॉटिफायचंच घ्या. २०२४ पासून एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या गाण्याचा रेकॉर्डिंगचा पैसाच मोजला जात नाही. हा बदल ज्याला माहीत नाही, तो आपल्या खात्यात पैसे का येत नाहीत याचा विचार करत बसतो.

'परिषद' आपल्याला नवी नाही

पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी १९१६ मध्ये बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. सयाजीराव गायकवाडांचा तिला आश्रय होता. रागांचं शास्त्र, स्वरलिपी, शिक्षणाची पद्धत यांवर गायक आणि अभ्यासकांनी एकत्र बसून बोलावं, हा तिचा हेतू होता. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौमध्ये अशा परिषदा झाल्या आणि १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभं राहिलं. आज ते भातखंडे यांच्याच नावाने ओळखलं जाणारं विद्यापीठ आहे.

परिषद संपल्यावर मागे काहीतरी उरलं, तरच ती कामाची. भातखंड्यांच्या परिषदांनंतर महाविद्यालय उरलं. पण त्या परिषदा शास्त्रीय संगीतासाठी होत्या. शाहीर, जलसाकार, जाखडीवाले, भजनी बुवा यांची कमाई आणि त्यांचे हक्क हा तिथला विषय नव्हता. शंभर वर्षांनंतर मुंबईतल्या परिषदांमध्ये कमाई आणि हक्क हाच विषय असतो, पण ही मंडळी तिथेही नसतात.

एका गाण्यात किती जणांचे हक्क असतात?

हे समजून घेण्यासाठी सगळ्यांच्या ओळखीचं गाणं घेऊ. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे २०२३ पासून राज्याचं अधिकृत गीत आहे. ते लिहिलं राजा बढे यांनी, चाल दिली श्रीनिवास खळे यांनी आणि गायलं शाहीर साबळे यांनी. साबळे महाड-पोलादपूरच्या घाटापलीकडचे, वाईजवळच्या पसरणीचे.

कायद्याच्या नजरेत या एका गाण्यात वेगवेगळे हक्क आहेत.

शब्दांचा हक्क गीतकाराचा. चालीचा हक्क संगीतकाराचा. ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे तयार झालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क, जो पैसा घालून ते करवून घेतो त्या निर्मात्याचा. आणि गायक-वादकांना 'सादरकर्ता' म्हणून वेगळा हक्क असतो.

शब्द आणि चाल यांवरचा हक्क त्या-त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा बढे १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. ज्यांनी हजारो गीतं लिहिली आणि ज्यांची गाणी आजही भीमजयंतीला घरोघरी वाजतात, ते वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे.

याउलट, पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचं नाव ज्यांच्याशी जोडलेलं आहे त्या तानाजी मालुसऱ्यांवरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा घ्या. त्याचे मूळ शब्द सगळ्यांचे आहेत, ते कुणीही गाऊ शकतं. पण त्याच पोवाड्याचं आज कुणी नवं रेकॉर्डिंग केलं, तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क नवा असतो आणि तो निर्मात्याचा असतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'कॉपीराइट नोंदवला नाही म्हणजे हक्क नाही', असं अनेकांना वाटतं. भारतात तसं नाही. गाणं लिहून झालं किंवा रेकॉर्ड झालं की हक्क तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण उद्या वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

२०१२ मध्ये काय बदललं?

कॅसेटच्या काळात गीतकाराला किंवा गायकाला एकदाच रक्कम मिळे आणि विषय संपे. कॅसेटच्या कितीही प्रती खपल्या तरी लिहिणाऱ्याच्या हाती पुढे काही येत नसे. हिंदी सिनेमातल्या मोठ्या गीतकारांचीही हीच तक्रार होती. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा मुद्दा लावून धरला आणि २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली.

तिचा गाभा असा: गीतकार किंवा संगीतकाराने गाण्याचे हक्क कंपनीला दिले, तरी रॉयल्टीतला समान वाटा मिळवण्याचा त्याचा हक्क त्याला विकताच येत नाही. करारात 'मी सगळे हक्क सोडतो' असं लिहून घेतलं, तरी हा वाटा सुटत नाही. तो फक्त वारसाकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो. चित्रपटगृहात सिनेमाबरोबर गाणं वाजतं, तेवढा भाग याला अपवाद आहे. गायक-वादकांनाही त्यांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला.

हा पैसा गोळा कोण करतं? गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांसाठी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' म्हणजे आयपीआरएस ही संस्था आहे. ती १९६९ मध्ये स्थापन झाली आणि नव्या कायद्यानुसार २०१७ मध्ये तिची पुन्हा नोंदणी झाली. टीव्ही, रेडिओ, हॉटेलं आणि ऑनलाइन प्लॅटफॉर्म यांच्याकडून ती पैसे घेते आणि सभासदांना वाटते. २०२२-२३ या एका वर्षात तिचं उत्पन्न ५०० कोटी रुपयांच्या पुढे गेलं. गायक आणि वादकांसाठी 'इसाम्रा' ही वेगळी संस्था आहे.

हा पैसा सभासदांनाच वाटला जातो. गाणं वाजलं, पण लिहिणारा सभासद नाही किंवा ते गाणं त्याच्या नावावर नोंदलेलं नाही, तर त्याचा वाटा त्याच्यापर्यंत येण्याचा रस्ताच नसतो.

मग महाड-पोलादपूरपर्यंत पैसा का येत नाही?

याची चार कारणं आहेत आणि 'जागरूकता नाही' एवढं म्हणून ती संपत नाहीत.

पहिलं कारण कायद्यातच आहे. धार्मिक विधी आणि लग्नकार्य यांत वाजणाऱ्या संगीतावर रॉयल्टी लागत नाही, अशी सूट कॉपीराइट कायद्यात आहे. लग्नाची वरातही तीत येते. ही सूट नेमकी कुठपर्यंत, यावर वाद सुरू असतात. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याबाबत परिपत्रक काढलं, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पण मूळ सूट कायम आहे. आता कोकणातल्या कार्यक्रमांचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा: लग्न, हळद, पूजा, जत्रा, सप्ताह. यातला मोठा भाग या सुटीत किंवा तिच्या सीमेवर येतो. म्हणजे इथल्या कलाकाराची खरी कमाई सुपारीतूनच होते आणि पुढेही होईल. म्हणून त्याच्यासाठी रॉयल्टीइतकाच सुपारीचा लेखी करारही महत्त्वाचा आहे. विसार किती, कार्यक्रम रद्द झाला तर काय, येण्या-जाण्याची गाडी आणि जेवण कुणाचं, रेकॉर्डिंगला परवानगी आहे की नाही, हे सगळं सहसा फोनवर ठरतं आणि फोनवरच मोडतं.

दुसरं कारण मोबाइल कॅमेरा. कार्यक्रम सुरू असतो, कुणीतरी तो पूर्ण चित्रित करतं आणि यूट्यूबवर टाकतं. व्हिडिओ चालला तर जाहिरातीचे पैसे चॅनेलच्या मालकाला मिळतात, गाणाऱ्याच्या वाट्याला प्रसिद्धी येते. ही प्रसिद्धी खोटी नसते, त्यातून पुढच्या सुपाऱ्याही मिळतात. पण कायद्यानुसार आपल्या सादरीकरणाचं रेकॉर्डिंग करू द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क सादरकर्त्याचा आहे. परवानगी द्यायचीच असेल, तर 'वर्णनात गीतकार, गायक, ढोलकीवादक यांची नावं लिहा आणि उत्पन्नातला ठरावीक वाटा द्या' अशी अट घालता येते. अनेकांना ही अट घालता येते हेच ठाऊक नसतं.

तिसरं कारण कागद. कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असेल तरच वैध. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षं मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर तो करार फक्त भारतापुरता मानला जातो. कलाकाराच्या बाजूचे हे नियम आहेत. पण ज्याच्याकडे कराराची प्रतच नाही, तो यातलं काय मांडणार? शिवाय गाण्याच्या वहीवर तारीख नाही, चाल कुणाची ते लिहिलेलं नाही, रेकॉर्डिंगच्या फाइलला 'न्यू साँग फायनल २' असं नाव. ऑनलाइन प्लॅटफॉर्म पैसा वाटतात तो अशाच माहितीच्या आधारे. प्रत्येक रेकॉर्डिंगला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. त्याच्याशी जोडलेली नावं चुकली, तर पैसाही चुकीच्या खात्यात जातो.

चौथं कारण सगळ्यांत अवघड आहे. कायदा 'हे गाणं कुणाचं?' असा प्रश्न विचारतो. जाखडीत याचं उत्तर सोपं नसतं. शाहीर शब्द रचतो, पण चाल अनेकदा परंपरेतली असते. फेर धरणारे, कोरस करणारे, ढोलकी आणि झांज वाजवणारे मिळून तो कार्यक्रम उभा राहतो. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात तर समोरच्या शाहिराच्या सवालातूनच जबाब तयार होतो. मग हक्क एकाच्या नावावर लावायचा का? पूर्ण मंडळाचा कसा करायचा? मोठ्या शहरातल्या परिषदांमध्ये या प्रश्नाला सहसा वेळ मिळत नाही, कारण तिथे बसलेल्या बहुतेकांचा तो प्रश्नच नसतो.

अशा परिषदांवर टीका काय होते?

म्युझिक कॉन्फरन्सचा खर्च प्रायोजक आणि प्रवेशशुल्क यांतून निघतो. यातूनच एक विचित्र रचना तयार होते. प्रस्थापित कलाकार मंचावर बोलतो आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत असा नवा कलाकार शुल्क भरून समोर बसतो. शोकेसमध्ये गायला मिळालं, तरी 'तुम्हाला संधी मिळते आहे' या नावाखाली मानधन टाळलं जातं.

साउथ बाय साउथवेस्टमध्ये हाच वाद पेटला. तिथे बँडला २५० डॉलर किंवा कार्यक्रमांचे प्रवेश-पट्टे यांपैकी एक निवडावं लागे. अमेरिकेतल्या संगीत कामगारांच्या संघटनेने योग्य मोबदल्यासाठी मोहीम चालवली, त्यानंतर २०२४ साठी ही रक्कम ३५० डॉलर झाली. जगप्रसिद्ध मेळाव्यातही कलाकारांना एवढ्यासाठी भांडावं लागलं.

याची दुसरी बाजूही आहे. अशा परिषदा नसत्या, तर ही माहिती काही कंपन्यांच्या कायदा विभागातच राहिली असती. अनेक स्वतंत्र कलाकारांना पहिला मॅनेजर, पहिला वितरक अशा ठिकाणीच भेटतो. त्यामुळे प्रश्न परिषद हवी की नको हा नाही. ती कुणाच्या सोयीने भरते, हा आहे.

महाडच्या एखाद्या तरुण गायकाने मुंबईला जायचं म्हटलं, तर तीन दिवसांचं शुल्क, राहण्याचा खर्च आणि कामाचे बुडालेले दिवस असा हिशेब लागतो. वर बहुतेक चर्चा इंग्रजीत. तो गेला नाही, तर त्याला दोष देता येत नाही.

महाडमध्ये दरवर्षी परिषद भरवायची तर?

ही कल्पना ऐकायला मोठी वाटते, पण तिला पंचतारांकित हॉटेल लागत नाही. लागतात त्या गोष्टी अशा:

*वेळ.* २० मार्च, १४ एप्रिल, ६ जून, गणपती, नवरात्र हे कलाकारांच्या कमाईचे दिवस. त्या दिवसांत परिषद ठेवली तर कलाकारच येणार नाहीत. पावसाळा टाळायलाच हवा. २२ जुलै २०२१ चा सावित्रीचा पूर आणि त्याच दिवशी तळियेत कोसळलेली दरड महाड विसरलेलं नाही. पौष महिन्यात लग्नं नसतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार सोयीचा. सप्ताहांच्या तारखा तेवढ्या आधी विचारून घ्याव्या लागतील.

*जागा.* महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिथे प्रेक्षागृह आहे. पोलादपूर तिथून साधारण २० किलोमीटरवर. रात्रीच्या मुक्कामाची गरज बहुतेकांना पडणार नाही.

*भाषा आणि वक्ते.* बोलणं मराठीत. मंचावर एक वकील, एक वितरण कंपनीचा माणूस आणि आयपीआरएसचा प्रतिनिधी. त्यांच्याबरोबर ३०-४० वर्षं सुपाऱ्या घेतलेला एखादा अनुभवी शाहीर किंवा भजनी बुवा. पैसे कुठे अडकतात, हे त्याच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. आणि गाणारी-लिहिणारी स्त्री प्रत्येक सत्रात असावी, केवळ उद्घाटनाच्या दीपप्रज्वलनाला नको.

*टेबल.* सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट भाषण नाही, टेबल आहे. पॅन कार्ड, बँक खात्याचा तपशील आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्यांची यादी घेऊन या आणि सभासदत्वाचा अर्ज इथेच भरा. दुसऱ्या टेबलावर सुपारीच्या एका पानी कराराचा मराठी नमुना. तिसऱ्यावर यूट्यूब चॅनेल आणि वितरकाकडे गाणं देताना भरायची माहिती. चौथ्यावर राज्य सरकारच्या ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंत मानधन योजनेचे अर्ज. या योजनेत पात्र कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मिळतात.

*मानधन.* शोकेसमध्ये जो गाईल, त्याला पैसे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण पावतीसह. हक्कांची शिकवण देणाऱ्या परिषदेतच कलाकार फुकट गायला, तर त्या शिकवणीला अर्थ उरत नाही.

*सातत्य.* एका आमदाराच्या किंवा एका प्रायोजकाच्या जोरावर उभी राहिलेली परिषद दोन वर्षांत बंद पडते. ५० हून अधिक वर्षं चाललेलं मिडेमसुद्धा करोनाकाळात अडखळलं आणि २०२१ च्या अखेरीस मूळ आयोजकांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे कान शहरानेच ते हाती घेतलं. महाडमध्येही नगरपालिका, स्थानिक महाविद्यालयं, शाहिरांची आणि भजनी मंडळं यांनी मिळून जबाबदारी वाटून घेतली, तर परिषद एका माणसावर अवलंबून राहणार नाही.

राजस्थानकडे पाहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात २००७ पासून होणारा 'रिफ' महोत्सव लोककलाकारांना जगापुढे नेतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६० मध्ये, कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी बोरुंदा गावात 'रूपायन संस्थान' सुरू केलं होतं. तिथे लंगा आणि मांगणियार कलाकारांची गाणी, चाली, वाद्यं यांची नोंद अनेक वर्षं होत राहिली. जाखडी, भीमगीतं आणि भजनाच्या चाली यांची अशी नोंद, कोणती चाल परंपरेतली आणि कोणती कुणाची, हे महाडच्या परिषदेचं दरवर्षीचं काम होऊ शकतं. चौथ्या कारणातला 'हे गाणं कुणाचं?' हा प्रश्न अशा नोंदीशिवाय सुटणार नाही.

रॉयल्टी मिळून मिळून किती मिळणार?

हा प्रश्न रास्त आहे. फार नाही, असंच प्रामाणिक उत्तर आहे. एखाद्या तालुक्यातल्या गायकाला यूट्यूब किंवा ॲपवरून घर चालवण्याइतके पैसे मिळतील, असं सांगणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो. यूट्यूबवर जाहिरातींतून कमाई सुरू व्हायलाच साधारणपणे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो.

पण एखादं गाणं चालतं. भीमजयंतीचं एखादं गाणं डीजेवर, रीलमध्ये, टीव्हीवर पोहोचतं आणि वर्षानुवर्षं वाजत राहतं. कोणतं चालेल, हे आधी कुणालाच कळत नाही. ते चालल्यावर मात्र लिहिणाऱ्याचं नाव शोधायला उशीर झालेला असतो. शेतकरी पेरताना प्रत्येक दाणा उगवेल असं धरत नाही, पण बांध आपला आहे याची खात्री करून घेतो. इथे कागदांचं कामही तेवढंच आहे.

शिवाय हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कार्यक्रमाची सुपारी गाणारा थांबला की थांबते. नावावर असलेलं गाणं मुलांना आणि नातवंडांना मिळतं. घरात वारसाने देण्यासारखं फार काही नसलेल्या कुटुंबांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

महाडने हे आधी पाहिलं आहे

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असं त्यात म्हटलं होतं. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं करणारा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. तरीही तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी कुणी घेऊ शकलं नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये भरली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी परिषदेतले लोक तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळं 'शुद्ध' केलं गेलं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला, तो मार्च १९३७ मध्ये.

माणूसपणासाठी झालेल्या त्या लढ्याची रॉयल्टीच्या हिशेबाशी तुलना होऊ शकत नाही आणि करूही नये. पण ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही, हे या शहराने १०० वर्षांपूर्वी दाखवून दिलं. ती परिषद लोकांच्या लक्षात राहिली, कारण ती भाषणांवर संपली नाही.

२०१२ चा कायदा आज कागदावर आहे. शताब्दीच्या वर्षात चवदार तळ्यावर नवी गाणी येतील. त्यांतल्या किती गाण्यांवर लिहिणाऱ्याचं नाव असेल, किती गायकांच्या हाती सहीचा करार असेल आणि किती ढोलकीवाल्यांना 'रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा' असं म्हणता येईल, हे मोजता येईल. महाडमध्ये कधी अशी परिषद भरलीच, तर तिचं यश मंचावर कोण आलं होतं यावर मोजू नका. संध्याकाळी टेबलावर किती अर्ज भरून झाले होते, ते विचारा.